पहिला : ४

आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. खोली लांबट. एका बाजूला चार खिडक्या, त्यातली एक रंगकाम करताना कुणीतरी कायमची चिकटवून टाकलेली. मधोमध लांब टेबल, त्यावर निळी रबरी चटई, आणि हवेत सोल्डरिंगचा गोडसर धूर. तो कपड्यांना इतका बसायचा की नवरा म्हणायचा, तू घरी आल्याचं मला बेल वाजायच्या आधीच कळतं.

आम्ही चौघं होतो. मी. बोर्ड जोडणारे, तपासणारे, दुरुस्त करणारे तात्या. चाचण्या घेणारी शंकाबाई. हे तिचं खरं नाव नव्हे, पण प्रत्येक गोष्टीवर ती "हे नक्की ना?" असं विचारायची, म्हणून तात्यांनी ठेवलेलं. आणि कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये साहेब.

इस्पितळात खाटेशेजारी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र असतं, त्याच्या पोटातला बोर्ड आम्ही बनवायचो. वीज आली की त्या बोर्डावर सगळ्यात आधी जे जागं होतं, ते फर्मवेअर मी लिहायचे. मेमरी तपासायची, कोण कोण हजर आहे त्याची यादी करायची, ती यादी मुख्य सॉफ्टवेअरच्या हातात द्यायची आणि बाजूला व्हायचं. सगळं मिळून दोन सेकंद. घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या बाईसारखं हे काम. झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, नाही झालं तर घर अडतं.

हे कसं करायचं याचं एक मानक असतं. अनेक कंपन्यांनी मिळून लिहिलेलं, कलमा-कलमांचं. ते होतं जुन्या जातीच्या प्रोसेसरांसाठी. आमची जुनी चिप बनवणं बंद झालं आणि नव्या जातीची चिप आली, तेव्हा मानकात तिच्यासाठी नवं प्रकरण घालणं आलं. समितीत पंधरा जण होते. सहावं कलम माझ्या वाट्याला आलं: पहिला कोअर ठरवणे.

ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नव्या चिपमध्ये चार कोअर. म्हणजे एकाच घरात चार कामकरी. त्यांचे क्रमांक शून्य, एक, दोन, तीन. संगणकात मोजणी शून्यापासून होते. वीज आली की चौघंही एकदम जागे होतात. मेमरीत एक खूण असते, ती जो आधी गाठेल तो पहिला. बाकीचे तिघं जागेच असतात, पण काही करत नाहीत. पहिला त्यांना एकेकाला क्रमांकानं हाक मारतो. मगच ते कामाला लागतात. हाक आलीच नाही तर वीज असेपर्यंत तसेच राहतात.

बोर्ड सुरू झाला की पडद्यावर एक ओळ उमटायची. पहिला : २. पुढच्या वेळी पहिला : ०. कधी तीन, कधी एक. शर्यतच ती.

आमची अडचण अशी, की हजार-बाराशे वेळांतून एकदा बोर्ड अडकायचा. दोघांना एकदम वाटायचं की आपणच पहिले. आयसीयूमधल्या यंत्रासाठी हजारात एक म्हणजे फार झालं. तात्यांनी एक रिले जोडून दिला होता. तो दर चाळीस सेकंदांनी वीज तोडायचा, पुन्हा जोडायचा. टक्. टक्. दिवसभर. शंकाबाई नोंदी वाचायची आणि मी कोड बदलायचे. तीन आठवडे हेच चाललं. मी हात टेकायच्या बेतात होते.

"बाई," तात्या म्हणायचे, "चार जणांच्या घरात आधी कोण उठणार यावर एवढं रण माजत असेल, तर सरळ मला विचारा. मी शेवटी उठतो. तीन हाका मारल्याशिवाय आमच्याकडे कुणाला मी दिसत नाही."

तात्या चोपन्न वर्षांचे. कामाला रोज वीस मिनिटं उशिरा येणार आणि येताना कसलंतरी कारण घेऊन येणार. पण सोल्डरिंगची तापती कांडी हातात आली की तो हात हलायचा नाही.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी शंकाबाईनं मला हाक मारली.

"अगं, इकडे ये. हे नक्की चारच आहेत ना?"

"काय चार?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. दोन हजार शंभर नोंदींमध्ये एक ओळ होती. पहिला : ४.

मी म्हटलं, मेमरीतला कचरा असेल. असं होतं. सुरुवातीच्या क्षणी मेमरीत काहीही आकडा पडलेला असतो. मी तो भाग वीज आल्याबरोबर पुसून घ्यायची सोय केली. दुसऱ्या दिवशी चार हा आकडा अकरा वेळा आला. त्याच्या पुढच्या दिवशी एकशे सात वेळा.

तात्यांनी चिपचं चित्र काढून टेबलावर पसरलं. भिंगातून पाहिलं. "चार खोल्या आहेत. पाचवीला जागाच नाही. माळासुद्धा नाही."

विचित्र हे, की ज्या ज्या वेळी चार पहिला आला, त्या त्या वेळी बोर्ड बिनतक्रार सुरू झाला. नेहमीपेक्षा थोडा लवकरच. अडकला असं एकदाही झालं नाही.

मी एक ओळ लिहिली. क्रमांक तीनपेक्षा मोठा असेल तर थांब. साधी गोष्ट. दारावर नाव विचारण्यासारखी. ती ओळ घातल्यावर चार दिसेनासा झाला. पण आता बोर्ड दर पन्नासात एकदा अडकू लागला. मग विसात एकदा. गुरुवारी दुपारी तो सलग नऊ वेळा उठलाच नाही.

त्याच आठवड्यात आगीची कवायत झाली. घंटा वाजली की जिन्यानं खाली यायचं, अंगणात आपापल्या विभागाच्या पाटीखाली उभं राहायचं. दाराशी पिवळं जाकीट घातलेला सुरक्षा अधिकारी बाहेर पडणाऱ्यांना मोजत होता. आम्ही चौघं शेवटी उतरलो. ऊन होतं. साहेब फोनवर बोलत होते.

अधिकारी वही घेऊन आमच्यापाशी आला. "प्रयोगशाळा, पाच."

"चार," मी म्हटलं.

त्यानं बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. वहीत पाहिलं. पुन्हा मोजलं. "दारातून पाच बाहेर आले. मी स्वतः मोजलेत."

"आम्ही चारच आहोत," शंकाबाई म्हणाली. आणि तिनं ते पहिल्यांदाच न विचारता सांगितलं.

नियमाप्रमाणे त्याला वर जाऊन बघणं भाग होतं. तो गेला. पाच मिनिटांचं काम, पण आम्ही उन्हात बराच वेळ उभे होतो. परत आला तेव्हा त्यानं टोपी काढून घाम पुसला.

"कुणी नाही," तो म्हणाला. मग मला जरा बाजूला घेऊन, "पण मॅडम, बाहेर पडताना ते मशीन बंद करत जा. टक् टक् आवाज येतो. दार लोटलं, तर एकदम वाटलं की आत कुणीतरी काम करत बसलंय आणि मी मध्येच आलो."

वहीतला पाच त्यानं खोडला नाही. शेजारी चार लिहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समितीचं मतदान पंधरा दिवसांवर आलं होतं. चाळीस इस्पितळांची यंत्रं बोर्डासाठी खोळंबली होती.

"तू घातलेली ती ओळ काढली, तर चाचणी पास होते?"

"होते. पण पहिला येणारा कोअर अस्तित्वात नाही, साहेब."

"बोर्ड सुरू होतो?"

"होतो."

"ठोके दाखवतो?"

"दाखवतो."

"मग आकडा छापताना काहीतरी चुकत असेल. ते नंतर बघ. माणसं खोळंबली आहेत गं."

मी बाहेर आले. तात्या सगळं ऐकत असावेत. काचेची केबिन नुसती नावाला होती. त्यांनी नेहमीसारखा विनोद केला नाही.

"बाई, ठेवा ती ओळ."

"तात्या, ओळ ठेवली तर बोर्ड उठत नाही."

"नाही उठला तर नाही. कोण आलंय ते कळल्याशिवाय दार उघडू नये."

मी ओळ काढली. साहेबांनी नाही, मी. माझ्या हातानं, सकाळी साडेदहाला. कुठं, कधी, कुणी बदल केला याची नोंद राहते. तिथं माझं नाव आहे.

त्यानंतर एकही शर्यत झाली नाही. पहिला : ४. पहिला : ४. पहिला : ४. शंकाबाई पानंच्या पानं उलटत होती आणि काही विचारत नव्हती. अकरा हजार वेळा बोर्ड सुरू झाला आणि अकरा हजार वेळा नीट चालला.

फक्त यादी. हजर कोअरची जी यादी फर्मवेअर पुढं देतं, तिच्यात चारच नावं होती. एक, दोन, तीन, चार.

"शून्य कुठं गेला?" मी विचारलं.

"बघतो," तात्या म्हणाले.

शनिवार होता. अर्धा दिवस. साहेब आले नव्हते. बाहेर स्वच्छ ऊन, चिकटलेल्या खिडकीवर एक कबुतर. तात्यांनी भिंग डोळ्याला लावलं, चिपच्या बाजूला केसाएवढी तार सोल्डर केली आणि मापकाची सुई तिला टेकवली.

"वीज घेतोय," ते हळूच म्हणाले. "मेलेला नाही."

"मग यादीत का नाही?"

"जागा आहे, बाई. नुसता थांबलाय. ह्याला कुणी हाक मारलेलीच नाही."

मी माझ्या पडद्याकडे वळले. शून्याला हाक मारायची सूचना कोडमध्ये आहे का, ते शोधू लागले. होती. मीच लिहिलेली. पहिला येणारा ती का पाळत नव्हता, ते मला कळेना. दहा मिनिटं गेली असतील.

रिले वाजत होता. टक्.

"तात्या, सूचना आहे इथं."

ते बोलले नाहीत.

टक्.

मला वेगळाच वास आला. सोल्डरचा नव्हे.

मी मान वळवली. तात्या तसेच बसले होते. डाव्या हातात सुई, उजव्या हातात कांडी. कांडीचं तापलेलं टोक त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला टेकलेलं होतं. कातडी काळी पडून वर आली होती. हात हलत नव्हता.

"तात्या!"

डोळे उघडे होते. माझ्याकडे वळले. माझ्यावर स्थिर झाले. ओळख होती त्या डोळ्यांत, शपथेवर सांगते. ते मला बघत होते, ऐकत होते.

मी कांडी ओढून काढली. त्यांनी आवाजसुद्धा केला नाही.

शंकाबाईनं भिंतीतून प्लग उपटला. रिले थांबला. त्या शांततेत मला तात्यांचा श्वास ऐकू आला. संथ. एकसारखा.

इस्पितळात त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, हृदय, मेंदूची चित्रं. कुठं गाठ नाही, कुठं गुठळी नाही. तोंडाशी पाणी धरलं की गिळायचे. उठवून बसवलं की बसून राहायचे. स्वतःहून मात्र काहीच नाही.

"जागे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त सुरू होत नाहीयेत." मग त्यांना आपलाच शब्द विचित्र वाटला असावा. त्या कागद चाळू लागल्या.

वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, खाटेपाशी बसून असायच्या. मुलगा आणि मुलगी आळीपाळीनं यायची. दोघंही नोकरी करणारी, मोठी. एक दिवस वहिनी खाली औषधं आणायला गेल्या तेव्हा मी तात्यांच्या कानाशी वाकले आणि त्यांचं नाव घेतलं. तात्या नव्हे, कागदोपत्री आहे ते, पूर्ण. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पापणी मात्र हलली नाही. ते पाणी मी माझ्या ओढणीनं पुसलं.

शंकाबाईनं नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण लिहिलं नाही. मला म्हणाली, "तू पण निघ." मी म्हटलं, मला सहावं कलम थांबवायचंय.

समितीपुढं मी अर्धा तास बोलले. फोनच्या पलीकडे चौदा जण. काय सांगणार? बोर्ड उत्तम चालतो, पण चालवणारा कोण ते माहीत नाही? एकानं अगदी सौजन्यानं विचारलं, "चाचणी नापास झाल्याचं एखादं उदाहरण देता येईल का?" माझ्याकडे नव्हतं. मतदान झालं. बाजूनं चौदा, विरुद्ध एक. नवं प्रकरण मानकात दाखल झालं. मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

पावणेबाराला वहिनींचा फोन आला. रडत होत्या आणि हसत होत्या.

"उठले गं! आत्ता, वीस-पंचवीस मिनिटांपूर्वी. आपले आपण उठून बसले. आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? घरात किती जण आहेत? मी म्हटलं, असं काय विचारता, तुम्ही धरून चौघं. तर म्हणाले, नावं सांग."

मी दोन गोष्टी उगाच जोडणारी बाई नाही. फोन ठेवला आणि खूप वेळ हात धूत राहिले.

तात्या तीन आठवड्यांनी कामावर आले. वेळेवर. मी पोचले तेव्हा खोलीतले दिवे लागलेले होते, उपकरणं तापलेली होती. बोटावर काळपट व्रण. त्या दिवसापासून त्यांना कधी उशीर झाला नाही. कामात चूक नाही, विनोद नाही, कारणं नाहीत. मला बाई म्हणणं सोडून त्यांनी पूर्ण नावानं हाक मारायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, आजारपणानं माणूस सुधारला. बोर्ड चाळीस इस्पितळांत गेले. एकाही ठिकाणाहून तक्रार आली नाही. मी मधूनमधून नोंदी मागवते. सगळीकडे एकच ओळ असते.

मागच्या रविवारी सकाळी किराणा दुकानात वहिनी भेटल्या. मी आधी ओळखलंच नाही. वाळल्या होत्या. हातात कापडी पिशवी, केस नीट विंचरलेले.

"कशा आहात, वहिनी? झोप होते का?"

"झोपेचं काही नाही गं." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "उठायचंच जरा वेगळं झालंय."

"म्हणजे?"

"हल्ली हेच आधी उठतात. पूर्वी तीन हाका लागायच्या, माहितेय ना तुला. आता पहाटे उठून प्रत्येकाच्या उशाशी जाऊन नाव घेतात. आधी माझं, मग मुलाचं, मग मुलीचं. मुलं सुरुवातीला हसायची." त्यांनी साखरेचं पाकीट उचललं, पाहिलं, परत ठेवलं. "गेल्या आठवड्यात तुम्ही ह्यांना कारखान्यात पाठवलं होतंत ना, मुक्कामाला?"

"हो. मंगळवारी गेले, बुधवारी परतले."

"बुधवारी चार वाजता आले. दुपारी. किल्लीनं दार उघडून."

"मग?"

"मग त्यांनी हाका मारल्या. तेव्हा उठलो आम्ही."

मागून कुणीतरी ढकलगाडी घेऊन आलं. आम्ही बाजूला सरकलो. मी म्हटलं, "चार वाजेपर्यंत झोपला होतात? तिघंही?"

"झोपलो कुठं होतो?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, एखाद्या गैरसोयीबद्दल सांगावं तसा. "सहापासून जागेच होतो. फोन वाजत होता, ऐकू येत होता. समोर मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं. तिच्या गालावर एक माशी बसली होती गं. डोळ्यापर्यंत जायची, परत यायची. दिवसभर. पोरगी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे."